व्हर्च्युअल मशीनना एकाहून अधिक शेअर्ड डिस्क जोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन उभी करून क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट) शिकणारे बरेच जण एकाच जागी अडकतात: शेअर्ड डिस्क. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा सराव व्हर्च्युअलबॉक्सवर नाहीतर लिनक्सच्या केव्हीएमवर (दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) चालतो, म्हणून भर त्या दोन्हींवर आहे. कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. शेअर्ड डिस्क आणि शेअर्ड फोल्डर यांत फरक काय?

शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल सिस्टिम एकाच ठिकाणी, म्हणजे होस्टवर (मूळ संगणकावर) किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या) सर्व्हरवर असते. गेस्ट, म्हणजे आत चालणारी व्हर्च्युअल मशीन फक्त 'ही फाइल द्या', 'ही फाइल लिहा' अशी मागणी करतात आणि कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर हे तो एक सर्व्हर ठरवतो.

शेअर्ड डिस्कमध्ये असा मध्यस्थ नसतो. एकच डिस्क इमेज दोन मशीनना जोडलेली असते आणि दोघांनाही ती स्वतःची हार्ड डिस्क वाटते. अमुक नंबरचा ब्लॉक वाच, तमुक नंबरचा लिही, एवढंच तिथे चालतं. फाइल म्हणजे काय हे डिस्कला ठाऊक नसतं आणि शेजारच्या मशीनने आत्ताच काय लिहिलं हेही ती कोणाला सांगत नाही.

२. मला खरोखर शेअर्ड डिस्क लागते का?

दोन मशीनमध्ये फाइलींची देवाणघेवाण एवढंच हवं असेल, तर नाही. एनएफएस, सांबा, केव्हीएमवर व्हर्टिओएफएस, व्हर्च्युअलबॉक्सवर त्याचं स्वतःचं शेअर्ड फोल्डर, यांपैकी काहीही घ्या. काम दहा मिनिटांत होईल आणि डेटाही सुरक्षित राहील.

शेअर्ड डिस्क लागते ती ओरॅकल आरएसी (एकच डेटाबेस अनेक मशीनवरून चालवणं), विंडोजचं फेलओव्हर क्लस्टर, जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ (अनेक मशीन एकदम वापरू शकतील अशा फाइल सिस्टिम), आणि पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसबीडीसारख्या (डिस्कवरून मशीनला बंद होण्याचा निरोप देणाऱ्या) गोष्टींसाठी. या सगळ्यांमध्ये लिहिण्याची शिस्त पाळणारा एक थर आधीच असतो. तुमच्या गरजेत असा थर कोणता, याचं उत्तर सापडत नसेल तर प्रश्न ३ वाचूनच पुढे जा.

३. दोन्ही मशीनवर तीच डिस्क एक्स्ट४ म्हणून माउंट केली. एकावर बनवलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नाही. कुठे चुकलं?

डिस्क बरोबर जोडली गेली आहे, पण त्या डिस्कसाठी एक्स्ट४ ही निवड चुकीची आहे. आधी दोन्हीकडे अनमाउंट करा आणि मगच पुढचं वाचा.

एक्स्ट४, एक्सएफएस आणि एनटीएफएस या फाइल सिस्टिम एका गृहीतकावर उभ्या आहेत: ही डिस्क फक्त माझी आहे. त्यामुळे कर्नल एकदा वाचलेली डिरेक्टरी, आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद) आणि कोणते ब्लॉक मोकळे आहेत याचा नकाशा मेमरीत ठेवतो आणि पुन्हा डिस्ककडे बघत नाही. पहिल्या मशीनने नवी फाइल बनवली तरी दुसऱ्याच्या मेमरीत जुनीच यादी असते, म्हणून फाइल दिसत नाही. एका खातेवहीची दोन मुनिमांनी सकाळी नक्कल करून घ्यावी, दिवसभर आपापल्या नकलेवर हिशेब करावा आणि संध्याकाळी दोघांनीही मूळ वहीवर तो उतरवावा, तसं हे आहे.

फाइल न दिसणं हा त्यातला किरकोळ भाग. दोन्ही मशीनच्या नकाशात तोच ब्लॉक मोकळा असतो, म्हणून दोघं वेगवेगळ्या फाइलींसाठी त्याच ब्लॉकवर लिहितात. दोघांचं जर्नलही (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) डिस्कवर त्याच जागी असतं, म्हणजे बिघाड दुरुस्त करण्याची सोयच आधी बिघडते. हे सगळं होत असताना एरर येतेच असं नाही. काही तास, कधी काही दिवस सगळं सुरळीत दिसतं आणि पुढच्या रीबूटला एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी कमांड) शेकडो चुका दाखवतं.

'आम्ही सिंक कमांड देतो', 'दोन्ही मशीन एकाच वेळी लिहीत नाहीत' असं पुष्कळ जण कळवतात. सिंकमुळे स्वतःचं लिखाण डिस्कवर उतरतं, पण शेजारच्या मशीनच्या मेमरीतली शिळी प्रत तशीच राहते. आळीपाळीने वापरायची तर एका मशीनवर अनमाउंट आणि मगच दुसऱ्यावर माउंट, एवढाच मार्ग आहे. तसा वापर असेल तर एक्स्ट४ची एमएमपी ही सोय चालू करून ठेवा. ती डिस्कवर ठरावीक वेळाने खूण करत राहते आणि दुसऱ्या मशीनला माउंट करू देत नाही.

४. मग त्या डिस्कवर टाकायचं काय?

साधारण तीन पर्याय आहेत.

ओरॅकल डेटाबेस असेल तर एएसएम, म्हणजे ओरॅकलची स्वतःची डिस्क सांभाळणारी सोय. त्यात फाइल सिस्टिम नसतेच. कच्ची डिस्क थेट एएसएमच्या ताब्यात जाते आणि सगळे नोड (क्लस्टरमधली मशीन) आपसात बोलून लिहितात.

साधारण फाइली ठेवायच्या असतील तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२. दोन्ही २००६ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहेत. जीएफएस२ला कोरोसिंक (नोडमधला संवाद), डीएलएम (नोडमधले लॉक) आणि चालू स्थितीतलं फेन्सिंग, म्हणजे संशयित नोडला तोडण्याची सोय, लागतं (प्रश्न १४). फॉरमॅट करताना नोड तितके जर्नल द्यावे लागतात, दोन नोडसाठी दोन. ओसीएफएस२मध्ये तसेच नोड स्लॉट असतात. तिचं स्वतःचं ओटूसीबी हे छोटं क्लस्टर असल्याने शिकायला ती सोपी जाते. नवशिक्यांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

विंडोजवर क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम. तिथे बहुधा एनटीएफएसच असतं, पण फेलओव्हर क्लस्टर वरून ताबा ठेवतं.

५. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड डिस्क कशा बनवायच्या?

दोन्ही मशीन बंद ठेवा. व्हीबॉक्समॅनेजच्या क्रिएटमीडियम कमांडने डिस्क बनवताना व्हेरियंट 'फिक्स्ड' द्या. आकार एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे १० जीबीसाठी १०२४०. जितक्या डिस्क हव्यात तितक्या वेळा हेच करा. नावं डेटा१, डेटा२, मतदान१ अशी ठेवा. 'न्यूडिस्क' नावाच्या सहा फाइली पुढे ओळखता येत नाहीत.

मग मॉडिफायमीडियम कमांडने प्रत्येक डिस्कचा प्रकार 'शेअरेबल' करा. व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरच्या खिडकीतूनही हे जमतं. शेवटी स्टोरेजअटॅचने ती दोन्ही मशीनना जोडा. साटा कंट्रोलरवर ३० पोर्ट मिळतात, त्यामुळे जागेची चणचण नसते. एक पथ्य पाळा: पहिल्या मशीनवर जी डिस्क पोर्ट २ वर आहे ती दुसऱ्यावरही पोर्ट २ वरच जोडा. तांत्रिकदृष्ट्या हे सक्तीचं नाही, पण पुढे गडबड शोधताना डोकं शांत राहतं.

दुसरी सोपी वाट म्हणजे पहिल्या मशीनची सिस्टिम डिस्क क्लोन करून दुसरं मशीन बनवायचं आणि शेअर्ड डिस्क दोघांना त्यानंतर जोडायच्या. उलट क्रमाने गेलात तर क्लोन करताना शेअर्ड डिस्कचं काय करायचं हा नवा गोंधळ सुरू होतो.

६. माझ्या एसएसडीवर जागा कमी आहे. डायनॅमिक डिस्क शेअर करता येणार नाही का?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही. डायनॅमिक इमेजला तो शेअरेबल करूच देत नाही, आणि ते योग्यच आहे. डायनॅमिक फाइल गरजेप्रमाणे वाढते आणि कोणता ब्लॉक फाइलमध्ये कुठे आहे याचा तक्ता फाइलच्या आतच असतो. दोन मशीननी तो तक्ता एकाच वेळी बदलला तर प्रश्न ३ मधला घोळ एक पायरी खाली, थेट इमेजच्या आतच होतो. आधीच बनवलेली डायनॅमिक डिस्क क्लोनमीडियमने 'फिक्स्ड' प्रकारात उतरवून घेता येते.

केव्हीएमवर थोडी सूट मिळते. तिथे रॉ (आत तक्ता नसलेली) इमेज स्पार्स असू शकते, म्हणजे १० जीबीची फाइल सुरुवातीला जवळपास काहीच जागा घेत नाही. मात्र होस्टची डिस्क मध्येच भरली तर दोन्ही नोडना एकदम आयओ एरर येते. सरावासाठी स्पार्स चालेल, पण कामाच्या डेटासाठी जागा आधीच राखून ठेवा.

७. 'शेअरेबल', 'मल्टिअटॅच' आणि 'इम्यूटेबल' यांत कोणता घ्यायचा?

क्लस्टरसाठी फक्त शेअरेबल.

मल्टिअटॅच डिस्क अनेक मशीनना जोडता येते, पण प्रत्येक मशीनचं लिखाण त्याच्या स्वतंत्र डिफरन्सिंग (फक्त बदल साठवणाऱ्या) फाइलमध्ये जातं. वरवर डिस्क एकच दिसते, प्रत्यक्षात लिखाण वेगळं राहतं. एकाच मूळ इमेजवरून वर्गासाठी दहा सारखी मशीन काढायची तर हा प्रकार उत्तम. इम्यूटेबलमध्ये डिफरन्सिंग फाइल मशीन पुन्हा चालू करताना पुसली जाते, त्यामुळे रोज सकाळी कोरी अवस्था हवी असलेल्या प्रयोगशाळेला ते सोयीचं. 'दोन्ही नोडवर डिस्क दिसते, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याला कधीच दिसत नाही आणि एररही नाही' अशी तक्रार असेल, तर आधी डिस्कचा प्रकार मल्टिअटॅच राहिला आहे का ते बघा.

८. केव्हीएम आणि लिबव्हर्टवर काय काय लिहावं लागतं?

लिबव्हर्ट हे केव्हीएमची मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या दोन्ही मशीनच्या एक्सएमएलमध्ये (मांडणीच्या फाइलमध्ये) त्या डिस्कसाठी तीन गोष्टी हव्यात: फॉरमॅट रॉ, कॅश 'नन' आणि 'शेअरेबल' ही खूण. कॅश बंद करायची कारण होस्टच्या मेमरीत लिखाण अडकलं आणि तेवढ्यात लाइट गेली, तर एका नोडला लिहून झाल्याचं सांगितलेलं काहीच डिस्कवर नसतं. 'कॅश नन' केल्याने होस्टची पेज कॅश मधून निघते.

त्याच जागी 'सीरियल' हेही भरा. डिस्कला स्वतःचा नंबर असेल तर प्रश्न ११ मधली डोकेदुखी अर्ध्यावर येते. बस म्हणून व्हर्टिओ स्कझी घ्या. बऱ्याच डिस्क एकाच कंट्रोलरवर बसतात आणि लिनक्समध्ये त्या एसडीबी, एसडीसी अशा ओळखीच्या नावांनी दिसतात.

९. दुसरं मशीन चालू करताना 'राइट लॉक मिळाला नाही, दुसरी प्रोसेस ही इमेज वापरते आहे का' अशी एरर येते.

क्यूईएमयू (केव्हीएमची मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) २.१० पासून इमेज फाइलवर लॉक घेतो. नजरचुकीने एकच डिस्क दोन मशीनना जोडली जाऊ नये यासाठीची ही राखण आहे. डिस्क मुद्दाम शेअर करायची असेल तर दोन्ही मशीनवर 'शेअरेबल' हवं. एकाच बाजूला लिहिलंत तर एरर तशीच येते. लिबव्हर्ट न वापरता क्यूईएमयू थेट चालवत असाल तर डिव्हाइसला 'शेअर आरडब्ल्यू' चालू करा.

लॉकच बंद करून टाका असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तोच लॉक तुमच्या सिस्टिम डिस्कचंही रक्षण करतो. चालू मशीनच्या इमेजची नुसती माहिती बघायची असेल तर क्यूईएमयू-इमेज इन्फोला 'फोर्स शेअर' हा पर्याय आहे.

१०. क्यूकाऊ२ इमेज शेअर केली तर?

लिहिण्यासाठी नाही. कारण प्रश्न ६ मधलंच: क्यूईएमयूच्या या स्वतःच्या फॉरमॅटच्या इमेजच्या आतही तक्ते असतात आणि प्रत्येक क्यूईएमयू ते आपापल्या मेमरीत ठेवतो. सध्याचा लिबव्हर्ट अशी मांडणी सरळ नाकारतो.

वाचण्यासाठी मात्र क्यूकाऊ२ फार उपयोगी आहे. एक मूळ इमेज खाली ठेवायची आणि प्रत्येक मशीनसाठी तिच्यावर स्वतंत्र ओव्हरले (फक्त बदल साठवणारी) इमेज बनवायची. नव्या क्यूईएमयूमध्ये बॅकिंग फाइलचा (खालच्या मूळ इमेजचा) फॉरमॅटही सांगावा लागतो. ओव्हरले बनल्यानंतर मूळ इमेज चालू करून तिच्यात अपडेट टाकू नका. वरचे सगळे ओव्हरले त्या क्षणी निरुपयोगी होतात. फाइलची परवानगी फक्त वाचण्यापुरती करून ठेवलेली बरी.

११. रीबूटनंतर एसडीबीची एसडीसी होते आणि एएसएमला डिस्क सापडत नाहीत. काय करावं?

ती नावं कर्नल डिस्क सापडतील त्या क्रमाने देतो, त्यांवर कधीच विसंबू नका. डिस्कच्या सीरियल नंबरवरून यूडेव्ह (लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देणारी सोय) नियम लिहा, म्हणजे डिस्कला कायमचं नाव मिळेल. एएसएमसाठी त्याच नियमात मालक ग्रिड, ग्रुप एएसएमअ‍ॅडमिन आणि परवानगी ०६६० द्या. नियमांची फाइल दोन्ही नोडवर तंतोतंत एकच असावी.

सीरियल रिकामाच येत असेल तर व्हीएमवेअरवर मशीनच्या सेटिंगमध्ये 'डिस्क इनेबल यूयूआयडी' ट्रू करा. केव्हीएमवर प्रश्न ८ मधलं 'सीरियल' भरायचं राहिलं असेल. व्हर्च्युअलबॉक्स नंबर स्वतःहून देतो.

१२. आरएसीच्या सरावासाठी किती डिस्क, केवढ्या आकाराच्या?

व्होटिंग फाइलींपासून (कोणते नोड क्लस्टरमध्ये राहतील हे ठरवणाऱ्या) सुरुवात करा. एएसएमच्या डिस्क ग्रुपमध्ये एक्स्टर्नल रिडंडन्सी (एएसएम स्वतः जादा प्रती ठेवत नाही) असेल तर एक व्होटिंग फाइल, नॉर्मलमध्ये तीन आणि हायमध्ये पाच. संख्या विषम असते कारण बहुमत ठरवायचं असतं. खरं शिकायचं असेल तर तीन डिस्कचा नॉर्मल ग्रुप घ्या, म्हणजे एक डिस्क मुद्दाम काढून क्लस्टर कसं तगतं ते बघता येतं. त्याशिवाय डेटासाठी दोन आणि रिकव्हरी एरियासाठी एक, अशा सहा डिस्क पुरेशा होतात. एका ग्रुपमधल्या डिस्क समान आकाराच्या ठेवा.

मात्र अडचण बहुतेकदा डिस्कपेक्षा मेमरीची येते. आरएसीखालच्या क्लस्टर सॉफ्टवेअरला, म्हणजे ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर १९सीला प्रत्येक नोडवर किमान ८ जीबी रॅम लागते. १६ जीबीच्या लॅपटॉपवर दोन नोड मांडले की होस्टसाठी काहीच उरत नाही. तशा वेळी ओसीएफएस२वर सराव करा. शेअर्ड डिस्कची तत्त्वं तीच आहेत आणि मशीनला २ जीबीही पुरते.

जागा पुढे कमी पडली तर असलेली शेअर्ड डिस्क ताणत बसू नका. नवी डिस्क जोडून ती ग्रुपमध्ये घाला, एएसएम डेटा स्वतः वाटून घेतं.

१३. स्नॅपशॉट घेतला होता. तो रिस्टोअर केल्यावर क्लस्टर उठत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट शेअरेबल डिस्कला शिवत नाही. सिस्टिम डिस्क गेल्या आठवड्यात गेली आणि शेअर्ड डिस्क आजच्या तारखेला राहिली, म्हणून दोघांचं जुळेना. व्हीएमवेअरच्या मल्टिरायटर (अनेक मशीन लिहू शकतील अशा) डिस्कवर स्नॅपशॉट समर्थितच नाही.

मागे येण्याची जागा हवी असेल तर सगळे नोड नीट शटडाउन करा आणि सर्व सिस्टिम डिस्क अन् सर्व शेअर्ड डिस्क यांची प्रत एकाच वेळी घ्या. परत आणतानाही सगळ्या एकत्र आणा. व्हीडीआय फाइल नुसती कॉपी करून त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये नोंदवायला गेलात तर यूयूआयडी आधीच वापरात असल्याची एरर येते, म्हणून त्या कामाला क्लोनमीडियम वापरा.

१४. फेन्सिंग कशाला? सरावाच्या क्लस्टरमध्ये ते बंद ठेवलं तर चालेल का?

शेअर्ड डिस्क नसेल तर एकवेळ चालेल, असेल तर नाही. एक नोड उत्तर देईनासा झाला की तो मेला आहे की फक्त नेटवर्क तुटलं आहे, हे दुसऱ्याला कळत नाही. तो मेला असं धरून दुसऱ्याने लिहायला घेतलं आणि पहिला जिवंत निघाला, की प्रश्न ३ मधली अवस्था. म्हणून संशयित नोडची वीज खरोखर तोडायची. जीएफएस२ तर फेन्सिंग यशस्वी झाल्याचं कळेपर्यंत त्या नोडच्या वाट्याचं काम थांबवून ठेवते. 'फाइल सिस्टिम गोठली' म्हणून येणाऱ्या तक्रारींत फेन्सिंग सेट न करणं हेच कारण बहुधा निघतं. केव्हीएमवर फेन्स-व्हर्श, व्हर्च्युअलबॉक्सवर फेन्स-व्हीबॉक्स हे एजंट तयार आहेत.

यातूनच येणारा दुसरा प्रश्न: 'एक मशीन थोडा वेळ पॉज केलं, परत आलो तर नोड क्लस्टरबाहेर.' ओरॅकल क्लस्टरवेअर नेटवर्कच्या ठोक्यासाठी मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद थांबतं. त्याहून जास्त पॉज म्हणजे त्याच्या लेखी नोड गेलाच. लॅपटॉपचं झाकण लावण्याआधी क्लस्टर बंद करा.

१५. एक मशीन लिहिणार आणि दुसरं फक्त वाचणार. मग तर एक्स्ट४ चालेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. उत्तर नाही असंच आहे. वाचणाऱ्याच्या मेमरीतली प्रत शिळी होते, डिरेक्टरी एका काळातली आणि ब्लॉक दुसऱ्या काळातले मिळतात. परिणामी अर्धवट फाइली किंवा कर्नलच्या एरर. शिवाय एक्स्ट४ 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली तरी अपूर्ण जर्नल पुन्हा चालवण्यासाठी डिस्कवर लिहू शकते. ते 'नोलोड' पर्यायाने थांबतं, पण शिळेपणा जात नाही.

कोणीच लिहीत नसेल तर मात्र खुशाल वापरा. सगळ्या मशीनना डिस्क रीड-ओन्ली म्हणून जोडा. आयएसओ फाइल शेकडो मशीन एकाच वेळी वापरतात ती याच कारणाने.

१६. विंडोज फेलओव्हर क्लस्टरची व्हॅलिडेशन चाचणी पर्सिस्टंट रिझर्व्हेशनवर नापास होते.

विंडोजला डिस्कवर 'ही आत्ता माझी' अशी खूण ठेवण्यासाठी स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन लागतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअरेबल डिस्कवर ते मिळत नाही, कितीही सेटिंग बदललं तरी. सोपा मार्ग: तिसरं छोटं मशीन घेऊन त्यावर आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून डिस्क देणारी सेवा) चालवा आणि दोन्ही नोड नेटवर्कवरून त्याला जोडा. लिनक्सवर टार्गेटसीएलआयने हे जमतं, विंडोज सर्व्हर २०१२ पासून टार्गेटची सोय सर्व्हरमध्येच आहे.

१७. व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीवर काय?

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर आरएसीसाठी डिस्क 'ईगर झीरोड थिक' (पूर्ण जागा आधीच शून्यांनी भरलेली) बनवून तिला मल्टिरायटर खूण लावतात. शेअर्ड डिस्क वेगळ्या स्कझी कंट्रोलरवर ठेवा, सिस्टिम डिस्कसोबत नको. हायपर-व्हीवर शेअर्ड व्हीएचडीएक्स विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये आलं. २०१६ पासून त्याजागी व्हीएचडी सेट वापरा, कारण चालू असताना आकार वाढवणं आणि होस्टवरून बॅकअप घेणं त्यात जमतं. दोन्हींसाठी डिस्कची फाइल क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूमवर किंवा स्केल-आउट फाइल सर्व्हरवर असावी लागते.

१८. दोन मशीन दोन वेगळ्या लॅपटॉपवर आहेत. इमेज फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून शेअर करू का?

नको. मध्ये आणखी एक कॅश येते आणि लॉक नीट पोहोचतीलच याची खात्री नसते. प्रश्न १६ मधलं आयस्कझी टार्गेट इथेही लागू पडतं. डिस्क वायफायवरून जोडू नका, केबल लावा. वायफाय क्षणभर तुटलं तरी नोड बाहेर फेकला जातो.

१९. गेस्टमध्ये शेअर्ड डिस्कवर एलव्हीएम केलं. ते होस्टवरही दिसायला लागलं.

होस्टचा लॉजिकल व्हॉल्यूम किंवा पूर्ण डिस्क गेस्टला दिली असेल तर असं होतं. होस्टचं एलव्हीएम (डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्सची सोय) सगळीकडे शोधत फिरतं आणि गेस्टचा व्हॉल्यूम ग्रुप चालू करू शकतं. होस्टच्या एलव्हीएम फिल्टरमध्ये किंवा डिव्हाइसेस फाइलमध्ये त्या डिस्क वगळा. दोन्ही गेस्ट तोच व्हॉल्यूम ग्रुप वापरणार असतील तर एलव्हीएमलॉकडी (दोघांतले लॉक सांभाळणारी सेवा) लागेल.

२०. डिस्क आधीच बिघडली आहे. काही वाचवता येईल का?

सर्व मशीन बंद करा आणि आधी इमेज फाइलची प्रत काढा. एफएससीके मूळ फाइलवर कधीच चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ते उरलेल्या खुणाही पुसू शकतं. प्रत फक्त एका मशीनला जोडा, 'रीड-ओन्ली' आणि 'नोलोड'ने माउंट करून जे वाचता येईल ते बाहेर काढा. मग दुसऱ्या प्रतीवर एफएससीके चालवून आणखी काही सापडतं का ते बघा. सापडलेल्या फाइली उघडून तपासा. नाव आणि आकार बरोबर असूनही आत दुसऱ्याच फाइलचा मजकूर असू शकतो.